मोटारींची खांदमळणी

कळमखुरीत देशमुखांची घरं दोन. आजा एक, आडनाव एक, आणि अक्कलही बहुधा एकच असावी. वाटणीत ती नेमकी कोणत्या घरात गेली, याचा पत्ता गावाला शेवटपर्यंत लागला नाही. थोरल्या पातीचे तातेराव, धाकट्या पातीचे मार्तंडराव, दोघं चुलतभाऊ. वाटणीत त्यांनी चिंचेची झाडं मोजली, विहिरीचं पाणी घटका मोजून वाटलं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण थोरल्याकडं गेला आणि त्याचा पाळणा धाकट्याकडं. एका घरी देव जमिनीवर बसून राहिला, दुसऱ्या घरी पाळणा रिकामा हलत राहिला, आणि दोघांना वाटलं आपण जिंकलो.

वाटता आला नाही तो एक पोळ्याचा मान. पोळ्याला मारुतीच्या पारापुढं दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि मानाच्या बैलजोडीनं ते पहिल्यांदा तोडायचं, मग बाकीच्या गावानं मागून जायचं, ही रीत. पंचांनी तोडगा काढला होता की एक साल थोरल्याचं, एक साल धाकट्याचं. पण मधे एका साली नेमकी तातेरावांची आई पोळ्याच्या आधी चार दिवस वारली आणि त्यांचं साल सुतकात गेलं. तेव्हापासून तातेरावांचं म्हणणं, आमचं बुडालेलं साल भरून द्या. मार्तंडरावांचं म्हणणं, म्हातारी मरायला आमचा मुहूर्त विचारून मेली होती का. असं करत करत दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आदल्या साली हे भांडण मोटारीवर येऊन ठेपलं.

त्याचं असं झालं. संक्रांतीनंतर तातेरावांनी परभणीतल्या एका पेन्शनीत निघालेल्या इंजिनेर साहेबाकडून सहा सालं वापरलेली ऑस्टिन विकत आणली. इवलीशी मोटार. दुरून बघितली तर बत्ताशाच्या डब्याला चाकं लावल्यासारखी. साहेब तिला 'ऑस्टिन सेव्हन' म्हणायचा, म्हणजे सात घोड्यांची. तातेराव गावभर सांगत सुटले, माझ्या दारात सात घोडे बांधलेत. हे ऐकून मार्तंडरावांना महिनाभर जेवण गेलं नाही. चैत्रात ते हैद्राबादेला गेले, मोटारीच्या दुकानात शिरले आणि दुकानदाराला एकच सवाल केला, सातापेक्षा जास्त घोड्यांची कोणती आहे. दुकानदार शहाणा. त्यानं 'मॉरिस एट' पुढं केली. आठ घोडे. मार्तंडरावांनी दुसरं काही बघितलं नाही. एक घोडा जास्त मिळाला, जन्माचं सार्थक झालं. मालगाडीच्या डब्यातून ती मोटार वसमतला उतरली आणि तिथून गावापर्यंत, रस्ता बरा असताना, मार्तंडरावांनी ती बैलांकडून ओढवत आणली, कारण चालवायला अजून कुणी शिकलं नव्हतं; दोघं भाऊ कसेबसे शिकले ते पुढं उन्हाळ्यात.

हे सगळं सटवाजी बघत होता. सटवाजी वसमतच्या जिनिंगमधे तेलाच्या इंजिनावर मिस्तरी. कापसाचे सहा महिने तिथं, बाकीचे सहा महिने गावात सहा एकर रान. शाळेचं तोंड त्यानं बघितलं नव्हतं. इंजिनाच्या पितळी पाट्यांवरून बोट फिरवत फिरवत आकडे शिकला, आणि आकड्यांवरून माणसं ओळखायला शिकला. गावात मोटारीतलं कळणारा तो एकटा. म्हणून पारावर ठरलं की दोन्ही मोटारींची पारख सटवाजीनं करावी, पोळ्याच्या आदल्या दिवशी निकाल सांगावा, आणि ज्याची मोटार सरस त्यानं यंदा मान घ्यावा, तोही बैल घेऊन नव्हे, मोटार घेऊन. बैलांच्या सणाला बैलाला मागं उभं करायचं ठरलं आणि गावातल्या एकाही मिशीला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मोठा मान झाला सटवाजीचा. आणि गळ्याला फासही लागला. कारण त्याचं सहा एकर रान ओढ्यापलीकडं, या दोघांच्या रानांच्या मागं. तिथं जायला वाट एकच, दोघांच्या रानांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. तीही अशी की सटवाजीच्या बैलगाडीचं डावं चाक तातेरावांच्या मातीत चालायचं आणि उजवं मार्तंडरावांच्या. बापाच्या काळापासूनची वहिवाट, पण कागद कुठंच नाही. पारख ठरली त्याच दिवशी दोन्ही घरच्या गड्यांनी धुऱ्याच्या दोन अंगांना बोरीच्या काट्यांचे ढीग आणून टाकले. वाट अडवली नाही, नुसते ढीग रचून ठेवले. बोलायची गरजच काय. तातेराव हरले तर डाव्या चाकाची वाट बंद, मार्तंडराव हरले तर उजव्याची. आणि एका चाकाची गाडी अजून विलायतेतही निघालेली नव्हती.

सटवाजीची बायको नर्मदाबाई, तिनं सरळ सांगितलं, "तुमी दोन्ही बराबर म्हणून मोकळे व्हा. काहून काट्यात पाय घालून राहिले? रानात कापूस उभा हाय, उद्या तो डोक्यावर आणणार का?"

सटवाजी म्हणाला, बराबर असत्या तर बराबर म्हटलं असतं.

पोळ्याच्या आधी पावसानं दहा-बारा दिवस चांगली उघडीप दिली. जवळा बाजार गावाकडची वाट वाळून टणक झाली. पारख सुरू झाली.

मोटारींबरोबर इंग्रजी पुस्तकं आली होती. नाना कुळकर्णी इंग्रजी दुसरीपर्यंत शिकलेले. त्यांना वाचता यायचं पण कळायचं नाही. सटवाजीला कळायचं पण वाचता यायचं नाही. दोघं मिळून एक शहाणा माणूस झाला. नाना अक्षर लावायचे, सटवाजी अर्थ काढायचा आणि कोळशानं पारामागच्या भिंतीवर आकडा लिहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं घोड्यांचं मढं उघड्यावर आणलं. त्यानं सांगितलं की हे सात आणि आठ म्हणजे घोडे नव्हेत. विलायत सरकारनं मोटारीवर करपट्टी बसवायला सिलिंडराची रुंदी मोजून हिशेबापुरते धरलेले ते आकडे. इंजिन जीव तोडून पळालं की ऑस्टिनची खरी ताकद बारा घोड्यांची आणि मॉरिसची साडेतेवीस. चार सिलिंडरांची पोकळी मिळून ऑस्टिनला शेराला चांगलीच कमी, मॉरिसला शेराच्या काठोकाठ. वजन आपल्या मणात ऑस्टिनचं बारा, मॉरिसचं अठरा. गियर दोघींना तीन तीन. ब्रेक ऑस्टिनचे तारेचे, पायाखाली दाबलं की तार ओढली जाते. मॉरिसचे तेलाचे, दाबलं की नळीतलं तेल चाकापर्यंत जोर नेतं.

हे ऐकून मार्तंडरावांना आनंद व्हायला पाहिजे होता. पण ते फुगून बसले. इतके दिवस आठ घोडे म्हणून मिरवलो, आता साडेतेवीस कसं म्हणायचं. अर्धा घोडा लोकांना दाखवायचा कुठून. तातेरावांनी तेवढ्यात टोमणा टाकला की अर्धा म्हणजे मागचा अर्धा असेल. गाव हसलं. एवढंच त्या दोघांचं मोटारीचं ज्ञान.

पारखीच्या आधी सटवाजीनं दोन्ही मोटारींची चाकं उतरवली, ब्रेकची डबडी उघडली आणि दोघींचे ब्रेक सारखे कसून घेतले, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. तातेरावांचा गडी संतराम शेजारी बसून बघत होता. वीस सालं बैलांच्या मागं चाललेला माणूस. आता मालकानं त्याला बैलांवरून काढून मोटार पुसायला लावलं होतं. त्यानं विचारलं, एवढी पळती गाडी थांबते कशानं. सटवाजीनं आतल्या चामड्यासारख्या पट्ट्या दाखवल्या. "हे इथं घासतं, म्हणून गाडी थांबते. समदा भार या घासण्यावर." संतरामनं बोट लावून बघितलं आणि कळवळून म्हणाला, "लई घासतंय बिचारीला." सटवाजीला हसू आलं. पुढं याच हसण्याचं त्याला वाईट वाटायचं होतं.

तीन दिवस पारख चालली. एक बाटली पेट्रोल ओतून सोडली तर ऑस्टिन साडेसात मैल गेली, मॉरिस साडेसहा. जवळा बाजारच्या सरळ वाटेवर मॉरिसनं ऑस्टिनला मैलाभरातच मागं टाकलं. धूळ खाऊन तातेराव उंदरासारखे खोकत आले. ज्वारीची तीन पोती आणि वर मालक, एवढं घेऊन मॉरिस ओढ्याचा चढ चढली. ऑस्टिन तिसऱ्या पोत्यानं अडली, ते काढलं तेव्हा चढली. त्या दिवशी तातेरावांनी स्वतः खाली उतरून बघायला पाहिजे होतं, एका पोत्याएवढे तर ते होतेच. पण नुकत्या नांगरलेल्या भुसभुशीत रानात ऑस्टिन हलकी म्हणून निघून गेली आणि मॉरिस जागच्या जागी चाकं फिरवत बसली. सारख्या वेगानं येऊन खुणेवर ब्रेक दाबला तर मॉरिस अकरा पावलांत थांबली, ऑस्टिन सतरा पावलांत. सगळं भिंतीवर लिहिलेलं. कुणीही जाऊन वाचावं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पारावर गाव जमलं. मार्तंडरावांनी येताना सटवाजीच्या जवळ थांबून काट्यांची चौकशी केली, बोरीचे काटे टोचत तर नाहीत ना म्हणून. तातेरावांनी लांबूनच हात जोडून दाखवले, जसे मेलेल्याला जोडतात.

सटवाजी उभा राहिला. भिंतीकडं हात केला आणि म्हणाला, "आकडे तितं हाएत. पक्क्या सडकेवर, वजन घेऊन, येळेवर थांबायचं आसंल तर मॉरिस सरस. पेट्रोल वाचवायचं आसंल आन् चिखलात जायचं आसंल तर ऑस्टिन सरस. आपल्या गावात सडक न्हाई, चिखल हाय. तरी मोटार म्हणून पुसाल तर मॉरिस. दोन्ही मोटारी चांगल्या घडवलेल्या हाएत. घडवणाऱ्यांनी डोकं लावलंय. आता चालवणाऱ्यांनी लावावं."

मार्तंडराव जिंकले होते, पण 'चिखलात ऑस्टिन' हे त्यांना शिवीसारखं लागलं. तातेराव हरले होते, म्हणून त्यांनी निकालच मानला नाही. म्हणाले, या सटव्याला सिलिंडर कळतो, खानदान कळत नाही. मार्तंडरावांनी त्यावर मान हलवली. जन्मात पहिल्यांदा दोघं भाऊ एका गोष्टीवर सहमत झाले, आणि ती गोष्ट म्हणजे सटवाजीचा अपमान. मग दोघांनी परस्पर ठरवलं की पारख वगैरे राहू द्या. उद्या पारापासून दोन्ही मोटारी एकदम सोडायच्या, जी तोरणाखालून आधी जाईल तिचा मान. आणि संध्याकाळच्या आत दोन्ही घरच्या गड्यांनी धुऱ्यावर काटे पसरले. डावीकडूनही आणि उजवीकडूनही. हरलेल्यानं वाट बंद केली ती समजण्यासारखी; जिंकलेल्यानंही केली. सटवाजीचं रान आता अलीकडच्या काठावरून नुसतं दिसत होतं.

त्या संध्याकाळी खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला ओढ्यावर नेऊन धुवायचं आणि सालभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं. जिथं घासलं तिथं गारवा द्यायचा. बैलाचे उपकार मानायची ही एकच रीत आमच्याकडं उरलीय, नाहीतर बाकी साल चाबूकच. सटवाजी आपल्या कोसा आणि हरण्याच्या खांद्याला लोणी चोळत होता, तेव्हा संतराम ओढ्यावर आला. त्याच्या हाताला कोपरापर्यंत हळद-लोण्याचा वास. सटवाजीनं सहज विचारलं, थोरल्यांच्या आठही जोड्या झाल्या का.

संतराम म्हणाला, बैलांची खांदमळणी बायामाणसांनी केली, मला मोटारीची करायला सांगितली. मालक म्हणाले, उद्या मान मोटारीचा, तर खांदमळणीही मोटारीची. पण मोटारीचा खांदा कुठला ते मालकांना ठाऊक नव्हतं. संतरामला ठाऊक होतं. "तुमीच दावला होता की मिस्तरी. जितं घासतं तितं. चारी डबडी उघडली, चांगलं पाव शेर लोणी चोळलं. लई सुकली होती बिचारी."

सटवाजीच्या हातातला लोण्याचा गोळा पाण्यात पडला. आणि मार्तंडरावांकडं, त्यानं विचारलं. संतराम हसला. तिकडं ही खबर लागली तेव्हा त्यांनी अर्धा शेर लावलं म्हणे. मागं कसे राहतील.

सटवाजी बैल तसेच बांधून आधी तातेरावांकडं गेला. म्हणाला, मालक, ब्रेकला लोणी लागलं, गाडी थांबणार न्हाई, डबडी उघडून धुवावी लागतील, मी आता धुऊन देतो. तातेराव झोपाळ्यावर बसून पान लावत होते. त्यांनी पान लावून होईपर्यंत त्याला उभं ठेवलं, आणि मग म्हणाले, "आमच्या सणाचं शास्त्र आता जिनातला मिस्तरी शिकवणार व्हय? काट्यांनी टोचलं म्हणून आलास."

मार्तंडरावांकडं गेला तर त्यांनी आधी एवढंच विचारलं की तातेदादा धुऊन घेणार आहेत का. न्हाई म्हणाले, असं सटवाजीनं सांगताच मार्तंडराव म्हणाले, मग आम्ही काहून धुवावं. आमचं लोणी जास्त आहे, आमची गाडी जास्त पळेल. सटवाजीनं सांगून पाहिलं की पळण्याचा सवाल नाही मालक, थांबण्याचा आहे. मार्तंडरावांनी दाराकडं हात केला. देशमुखांच्या घरात थांबण्याचा सवाल कधी कुणी विचारला नव्हता.

घरी येऊन सटवाजी नर्मदाबाईला म्हणाला, उद्या पारापासून ओढ्यापर्यंत उतारावर एकही माणूस, एकही लेकरू उभं राहू द्यायचं नाही. एवढं तरी आपल्या हातात आहे. दुसऱ्या दिवशी तो आणि नाना कुळकर्णी सकाळपासून उतारावर उभे राहिले आणि लोकांना खांबांच्या मागं रेटत राहिले.

पोळ्याला दुपार कलली. गावची सगळी जनावरं झुली, बाशिंगं घालून पारामागं उभी. पुढं दोन मोटारी. ऑस्टिनला झूल घातलेली, दिव्यांना गोंडे. मॉरिसला बाशिंग, आणि अंगावर गेरूनं काढलेले आठ घोडे. साडेतेवीस काढायला जागा पुरली नव्हती. संतराम ऑस्टिनला ओवाळत होता आणि त्याचे जुने बैल मागून त्याच्याकडं बघत होते. वाजंत्री वाजली. नानांनी रुमाल खाली केला.

तोरणाच्या दोन खांबांमधली जागा बैलजोडीच्या मापाची. मोटारी दोन. पण तेवढी अक्कल असती तर गोष्टच घडली नसती. शेवटच्या क्षणी मॉरिस अंगावर येते आहे असं बघून तातेरावांनी ब्रेक दाबला. ऑस्टिननं ऐकलं नाही. मार्तंडरावांनीही दाबला, त्यांच्या लोण्यानं तर दुप्पट ऐकलं नाही. खांबांना घासत, एकमेकीला चिकटून दोन्ही मोटारी तोरणाखालून एकदम गेल्या. आणि गाव वर बघत राहिलं. तोरणाचं एक पान हललं नाही. बैल जातो तेव्हा शिंगांना लागून तोरण तुटतं, तेव्हा मान झाला म्हणायचा. या मोटारी इतक्या बुटक्या की मालकांसकट खालून निघून गेल्या. मान जिथं बांधला होता तिथंच लटकत राहिला.

मोटारी मात्र थांबल्या नाहीत. उतारावरून ओढ्यापर्यंत गेल्या आणि काळ्या चिखलात शेजारी शेजारी जाऊन बसल्या, चिखल अर्ध्या चाकांवर आला तेव्हाच थांबल्या. मालकांना साधं खरचटलंही नाही. मार्तंडरावांचा पटका ऑस्टिनच्या दिव्यावर जाऊन बसला होता. तातेराव ओरडले, बैल आणा. धाकटे ओरडले, आधी आमच्या गाडीला लावा.

कुणी हललं नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. हे शास्त्र देशमुखांच्या आज्यानंच गावाला दटावून शिकवलं होतं. एकदा मोडलं म्हणून एका माणसाला पारावर खेटरं खायला लावली होती. आता त्याच आज्याचे नातू चिखलात उभे होते. कुणीतरी म्हणालं, उतरून वर या मालक, पुरणपोळी निवून राहिली. पण आधी कोण उतरणार? उतरला तो हरला. दोघंही आपापल्या मोटारीत बसून राहिले, दिवस मावळेपर्यंत, बाशिंगासकट.

इकडं पारापुढं खोळंबा झाला. शेवटी विधवा नानीबाईचा म्हातारा बैल, ज्याला दिसायचंही कमी, तो वाजंत्रीला कंटाळून आपल्याच चालीनं पुढं गेला. एका शिंगानं तोरण अडकलं, तुटलं, त्याच्या मानेवर पडलं, आणि तो आंब्याची पानं खात चालू लागला. नानीबाई घाबरून माफी मागायला लागली. नाना म्हणाले, झाला मान, चला. गाव तिच्या मागं गेलं.

रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे जुवाची बंदी सुटलेली पण बैलाला विसावा द्यायचा दिवस. सकाळी दोन्ही घरच्या गड्यांनी बैल आणले आणि दोर मोटारीच्या पुढच्या लोखंडी पट्टीला बांधला. ऑस्टिनची पट्टी पहिल्याच हिसक्यात तुटून हातात आली. ती बघून मार्तंडरावांनी जास्त जोर लावायला सांगितला, तर त्यांची पट्टी दिव्यासकट आली. मोटारी आणखी खचल्या. ओढ्यात पाणी वाढू लागलं. दोन्ही बाजूंचे मालक पहिल्यांदा घाबरले. भावाची बुडाली तर बरंच, पण आपलीही बुडणार.

दुपारी संतराम सटवाजीला बोलवायला आला. सटवाजी आला, कोसा-हरण्याला घेऊन आला, पण जू खाली ठेवलेलंच. ओढ्याच्या काठावर अर्धं गाव जमलेलं. त्यानं चिखलात उतरून खालून हात घालून बघितलं. मग वर येऊन हात पुसत सांगितलं की दोर आसाला बांधावा लागेल, पट्टीला नाही. मागं ओढायचं म्हटलं तर उतार निसरडा, बैलांचे पाय ठरणार नाहीत. पुढं ओढायच्या, पलीकडच्या काठावर. आणि तिथून बाहेर निघायला वाट एकच.

सगळ्यांनी तिकडं बघितलं. पलीकडच्या काठावर धुरा होता, आणि धुऱ्यावर काटे.

"दोन्ही मालकांनी काटे काढावे," सटवाजी म्हणाला. "नुसते बाजूला न्हाई टाकायचे. चाकांखाली टाकायचे, तवाच चिखलात चाक धरंल. आन् ही वाट गाडीवाट हाय, हे इतं गावासमोर म्हणावं. दोघांनी. दोन्ही अंगांना धोंडे रोवावे. मंग मी जू ठेवतो."

तातेराव म्हणाले, मार्तंडनं आधी म्हणावं. मार्तंडराव म्हणाले, थोरल्यानं आधी म्हणावं, तो थोरला. सटवाजीनं जू उचलून खांद्यावर घेतलं आणि घरच्या वाटेला लागला. पाणी ऑस्टिनच्या दारापर्यंत आलं होतं, म्हणून तातेराव आधी म्हणाले. त्यांचं संपायच्या आत मार्तंडरावही म्हणाले, जरा मोठ्यानं. आपलं म्हणणं जास्त लागू व्हावं म्हणून.

मग देशमुखांच्याच गड्यांनी देशमुखांचेच काटे उचलून देशमुखांच्या मोटारींखाली घातले. सटवाजीनं दोर आसाला बांधला, कोसा-हरण्याच्या लोणी चोळलेल्या खांद्यावर जू ठेवलं आणि त्यांच्या कानात हळूच काही म्हणाला. करीच्या दिवशी कामाला लावल्याबद्दलची माफी असेल ती. ऑस्टिन हलकी, एका दमात निघाली. मॉरिसला तीन दम लागले. दोन्ही मोटारी धुऱ्यावरून ओढत नेल्या, एक चाक तातेरावांच्या रानातून, एक मार्तंडरावांच्या. ओल्या मातीत खोल चाकोरी पडली. त्याच चाकोरीच्या दोन्ही अंगांना दिवस मावळायच्या आत धोंडे बसले, नानांनी मोजून बसवून घेतले.

मोटारी पक्क्या जमिनीवर लागल्या तसे दोघं भाऊ चिखलानं भरलेले समोरासमोर उभे राहिले. गावाला वाटलं, आता तरी काही बोलतील. तातेराव सटवाजीकडं वळले आणि म्हणाले, "मिस्तरी, गावासमोर सांग. आधी कोणाची निघाली?"

मार्तंडराव लगेच म्हणाले, "निघाली आधी म्हणून काय झालं. आमची जड होती, हे बी सांग."

सटवाजीनं बैलांचं जू उतरवलं. खांद्यावर जिथं जू घासलं होतं तिथं हात फिरवून बघितला.

"सात आन् आठ पंधरा घोडे," तो म्हणाला, "आन् काढले दोन बैलांनी. आकडा भिंतीवर लिहून ठेवतो, येऊन वाचा."

तिसऱ्या दिवशी त्यानं गाडी जुंपली आणि धुऱ्यावरून आपल्या रानात गेला. दोन्ही चाकं बराबर चाकोरीत चालली. धुऱ्याच्या टोकाला पक्क्या जमिनीवर दोन्ही मोटारी वाळत उभ्या होत्या, आणि मालक पारावर बसून नानांना विचारत होते की पुढच्या साली हैद्राबादेला दहा घोड्यांची मोटार कितीला मिळेल.